लागू पडलं

खालची पापणी ओढून बघायची,
आत कुंकवाचा रंग हवा.
मला शिकवलं तसं सांगते.
प्राचीच्या पापणीत
धुतलेल्या तांदळाचं पाणी होतं.

बोट टोचलं तर ती रडली नाही.
रडणारी पोरं बरी असतात.
ती बघत राहिली,
पट्टी आपला थेंब कसा पिते.
सात पॉइंट दोन.
मी आकडा लाल पेनानं लिहिला. तसा नियम आहे.

त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला
पांढऱ्या मातीच्या भिंतीत
लेकराच्या तोंडाच्या उंचीवर एक खळगा आहे.
मोनाली मंगळवारी लिंपते,
शनिवारपर्यंत पुन्हा खळगा.
"उंदीर हायेत," ती पहिल्यांदा म्हणाली.
दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही.
मला ती चव माहीत आहे.
तिसरीत असताना मी पाटीच्या पेन्सिली खायचे,
त्या संपल्या की चुलीचे पोपडे.
आई म्हणायची, पोरीच्या पोटात जंत.
माझी पापणी कोणी ओढून बघितली नाही.

फॉर्मात एक प्रश्न असतो:
गेल्या तीस दिवसांत घरात पुरेसं नव्हतं म्हणून
कोणी कमी जेवलं का?
दारात सासू, दुर्पताबाई, अंबाडी खुडत बसलेली.
कुंपणापलीकडे शेजारणीचा झाडू थांबलेला.
मोनाली म्हणाली, "नाई जी. समदे पोटभर जेवतात."
म्हणता म्हणता तिनं पदराच्या काठातून दोरा ओढला.
प्राचीनं अंगणवाडीतलं अंडं
फ्रॉकमध्ये लपवून घरी आणलं होतं,
ते दोऱ्यानं कापलं. तीन फोडी, तीन लेकरं.
विळ्याला बलक फार लागतो.
दोऱ्याला लागला तेवढा तिनं चोखून घेतला.
मी लिहिलं: नाही.

पोळ्याला अजून सोळा दिवस होते.
रेशनचे तांदूळ वीस तारखेला बुडाशी जातात,
मग डबा हलवला की वाजतो,
आणि तो आवाज पोरांना ओळखू येतो.
तरोटा जून झालेला, शिजवूनही चोथाच.
निंदणाचे पैसे शनिवारी,
तेही मालक घाटंजीहून वेळेत परतला तर.

मी लोहाची बाटली दिली.
रोज. जेवण झाल्यावर.
"जेवण झाल्यावर," मी दोनदा सांगितलं.

तीन आठवड्यांनी गेले.
बाटली फळीवर, देवाच्या फोटोमागे,
नऊ दिवसांचीच कमी झालेली.
मी तेव्हा काय काय बोलले
ते इथं लिहीत नाही.
मोनाली पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.
मग म्हणाली,

"ताई, दवा वाईट नाई.
दवा लागू पडली.
पयले पोट्टी निजून राये चूपचाप,
दिवस न् दिवस.
दवा घेतली अन् रात्री उठून भाकर मांगे,
अंथरुणात बसून डब्याकडे बोट करे.
दोन राती म्या दिवा लावला नाई,
तिले डबा दिसू नाई म्हणून.
भूक लागाची दवा तुमी देल्ली.
भाकर कोन देते?"

औषध बंद करण्याच्या कारणांची यादी छापील आहे.
उलटी. जुलाब. काळी शी. विसरले.
पेन हातात धरून मी ती दोनदा वाचली.
दुर्पताबाईनं पाण्याचा गिलास पुढं केला,
तो मी रिकामा करेपर्यंत
कोणी काही बोललं नाही.

मग मी बाटली खाली काढली,
झाकणात मोजून प्राचीला पाजलं
आणि तिथंच बसून राहिले,
भूक येण्याची वाट बघत,
जशी एसटीची बघतात.
पिशवीत माझा डबा होता,
दोन पोळ्या, थोडी चवळी.

प्राची पहिली पोळी खात होती.
हळू, कडेकडेनं,
मधला मऊ भाग शेवटाला राखून.
दारात तिचे दोन भाऊ येऊन उभे राहिले,
हात मागं बांधून, शाळेत उभं करतात तसे.

त्यांच्या पापण्या
मी अजून ओढून बघितल्या नव्हत्या.